सुपापाशी झुकलेली मान : विडी कामगार महिलांसोबतच्या फिजिओथेरपी प्रकल्पाच्या नोंदी

२४ जून २०२४, सोमवार

सोलापूरच्या विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, आजपासून दर सोमवारी आणि गुरुवारी दुपारची बैठक सुरू केली. सकाळी बायका कारखान्यात विड्या द्यायला जातात, संध्याकाळ स्वयंपाक-पाण्यात जाते. दुपारी दोन ते चार एवढाच काय तो वेळ. समाजमंदिराचा हॉल मिळाला आहे. सतरंज्या, उशा, कोनमापक, बीपीचं यंत्र आणि नोंदवही एवढंच सामान. दुखऱ्या भागाला विजेचा सौम्य करंट देणारी मशीन मुद्दाम आणलेली नाही.

ती का आणली नाही ते आधीच लिहून ठेवते. बाह्यरुग्ण विभागात या भागातल्या बायका मी वर्षानुवर्षं तपासते आहे. तक्रार एकच असते. मान भरून येते, डोक्याचा मागचा भाग ठणकतो, खवाट्याच्या मधोमध कळ राहते. शेक आणि करंट घेतला की दोन दिवस बरं वाटतं, तिसऱ्या दिवशी पुन्हा विड्या वळायचं सूप मांडीवर आणि मान खाली. करंटने दुखणं तात्पुरतं शमतं, मानेची ताकद काही वाढत नाही. उपचार दवाखान्यातल्या टेबलावर आणि कारण घरच्या ओसरीवर, असं असल्यावर किती दिवस टिकणार? म्हणून इथे येऊन काम करायचं.

माणसाचं डोकं साधारण साडेचार ते पाच किलोचं. मान सरळ असली की हे वजन सात मणक्यांवर नीट बसतं. मान पुढे झुकली की तेच वजन मागच्या स्नायूंना ओढून धरावं लागतं. न्यूयॉर्कचे एक शल्यचिकित्सक केनेथ हंसराज यांनी २०१४ मध्ये याचं गणित मांडलं होतं. मान साठ अंश वाकली, तर मानेवर येणारा भार सुमारे सत्तावीस किलो. हे संगणकावरच्या प्रतिकृतीतलं गणित आहे, जिवंत माणसावर मोजलेलं नाही, आणि वाकल्याने मान ‘खराब’ होते असंही त्यातून सिद्ध होत नाही. पण स्नायूंना किती वेळ किती ओढ सोसावी लागते, याची कल्पना येते. हे आकडे मोबाईलवर मान घालून बसणाऱ्यांच्या संदर्भात खूप फिरले. विडी वळणाऱ्या बाईची मान त्याच कोनात मोबाईल येण्याआधीपासून आहे, तिच्याबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही.

२७ जून, गुरुवार

आज कुणालाच तपासलं नाही, फक्त काम बघितलं. रांगेच्या शेवटच्या घरातल्या अक्कांच्या ओसरीवर तासभर बसले.

रात्री भिजवलेली तेंदूची पानं ओल्या फडक्यात गुंडाळलेली. त्यातून एक एक पान काढायचं, त्यावर पत्र्याचं माप ठेवायचं आणि कातरीने चौकोनी कापायचं. कापलेल्या पानांची चळत झाली की सूप मांडीवर येतं. डाव्या हाताच्या बोटांवर पान, उजव्या हाताने चिमूटभर तंबाखू, अंगठा आणि पहिली दोन बोटं यांनी पान पुढे लोटत वळायचं, दोऱ्याचे दोन फेरे, दोरा तोडायचा, तोंड मोडून बंद करायचं. विडी सुपाच्या कडेला. पुढचं पान. अक्का माझ्याशी बोलत होत्या, पण त्यांची नजर एकदाही वर आली नाही.

मी कोन मोजला. पान कापताना मान कमी वाकते, कारण हात वर असतात. वळताना ती जास्त वाकते. आणि दोरा बांधायच्या क्षणी, जेव्हा डोळ्याला दोरा दिसावा लागतो, तेव्हा हनुवटी छातीला टेकायला जेमतेम दोन बोटं उरतात. शिवाय डोकं थोडं उजवीकडे कलतं. अक्कांची कळ उजव्या खवाट्याच्या वरच्या कोपऱ्यातच आहे. खवाट्याला मानेशी जोडणारा स्नायू नेमका तिथे येऊन मिळतो.

पाठीला टेका नव्हता. भिंत हातभर मागे होती. भिंतीला टेकून का नाही बसत, विचारलं, तर म्हणाल्या, “उजेड पुढं हाय की.”

हे वाक्य वहीत अधोरेखित केलं आहे.

१ जुलै, सोमवार

तपासणीचा पहिला दिवस. हॉल भरला होता. सोबतच्या इंटर्न विद्यार्थिनीला तेलुगू येतं, त्यामुळे वयस्कर बायका मोकळ्या झाल्या. “मेड नोप्पी” म्हणत मान धरून दाखवतात, पण पुढचा तपशील आपल्या भाषेतच नीट येतो.

व्यायाम शिकवण्याआधी प्रत्येकीला काही प्रश्न विचारायचेच, हा नियम केला आहे. संध्याकाळी ताप येतो का, वजन उतरलं आहे का, रात्री कूस बदलूनही न थांबणारं दुखणं आहे का, पूर्वी क्षयरोग किंवा कर्करोग झाला होता का, अलीकडे पडणं-झडणं झालं आहे का. चालताना तोल जातो का, ब्लाऊजची हुकं लावताना बोटं अडखळतात का, लघवीवरचा ताबा सुटतो का. यातलं शेवटचं त्रिकूट मज्जारज्जूवर दाब आल्याचं लक्षण असू शकतं. अशा वेळी मानेला हातही न लावता डॉक्टरांकडे पाठवायचं.

आज एका मावशींची उत्तरं वरच्या पहिल्या प्रश्नांतच खटकली. साधी मानदुखी म्हणून आल्या होत्या. विचारता विचारता कळलं की महिन्याभरापासून संध्याकाळी कणकण असते आणि ब्लाऊज सैल झाले आहेत. मानेच्या मधल्या मणक्यावर हलकं दाबलं तरी कळवळल्या. मणक्याचा क्षयरोग आपल्याकडे दुर्मिळ नाही. चिठ्ठी लिहून सरकारी रुग्णालयात पाठवलं, मुलाला बोलावून समजावलं. तोवर मानेला झटका देणारं काहीही करायचं नाही, कुणाकडून चोळून घ्यायचं नाही, हे दोनदा सांगितलं.

चोळण्यावरून आठवलं. मान धरून ‘कडकन’ फिरवून देणाऱ्याकडे जायची पद्धत इथेही आहे. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला अशा झटक्याने इजा होऊन पक्षाघात झाल्याची उदाहरणं वैद्यकीय नोंदींत आहेत. ती फार विरळ आहेत, पण हा धोका घ्यावा असा कोणताच फायदा त्या आवाजात नाही. याबद्दल प्रत्येक बैठकीत बोलायचं.

४ जुलै, गुरुवार

सुधारणा मोजायची कशी, यावर आजचा दिवस गेला. मानदुखीमुळे रोजच्या जगण्यात किती अडतं हे मोजणारी दहा प्रश्नांची एक जुनी प्रश्नावली आहे, हॉवर्ड व्हर्नन आणि सिल्व्हानो मायर यांची, १९९१ ची. जगभर वापरतात. त्यात एक प्रश्न वाचनाचा, एक गाडी चालवण्याचा. इथल्या बऱ्याच बायकांना दोन्ही लागू नाहीत, आणि सुपावर बसणं त्यात नाहीच.

म्हणून दुसरी पद्धत घेतली. अडणारी तीन कामं प्रत्येकीने स्वतः सांगायची आणि शून्य ते दहा गुण द्यायचे. शून्य म्हणजे जमतच नाही, दहा म्हणजे पूर्वीसारखं जमतं. उत्तरं बघण्यासारखी आहेत. ‘सुपावर सलग बसणं’ बहुतेकींचं पहिलं. मग ‘भरलेली घागर उचलणं’, ‘पोरीची वेणी घालणं’, ‘रात्री कुशीवर झोपणं’. एकीने सांगितलं, ‘देवळात वर कळसाकडे बघणं’. नोंदलं. त्यांच्या लेखी बरं होणं म्हणजे काय ते इथून कळतं.

११ जुलै, गुरुवार

आज पिशव्या उघडल्या. जवळजवळ प्रत्येकीकडे एक्स-रे आहे, काहींकडे एमआरआय. “मणक्यात गॅप हाय”, “गादी घासली”, “नस दबली”. ही वाक्यं त्यांना पाठ आहेत आणि त्यांची भीती दुखण्यापेक्षा मोठी आहे. एक जण दोन वर्षं मान वळवतच नाही, कुणी हाक मारली तर सगळं अंग फिरवते. गादी घासली आहे, आणखी घासेल, असं तिला वाटतं. तिची मान आखडली आहे ती या न हलवण्याने.

जपानमध्ये ज्यांना मानेचा काहीही त्रास नाही अशा १,२११ लोकांचे एमआरआय काढले होते. २०१५ मध्ये निष्कर्ष छापून आले. त्यातल्या ८७.६ टक्के लोकांच्या मानेतली गादी कुठे ना कुठे फुगलेली होती. विशीतल्या बहुसंख्यांचीसुद्धा. म्हणजे फिल्मवर दिसतं ते सगळंच दुखतं असं नाही. आज मी हा आकडा सांगितला आणि सोबत म्हटलं, “केस पांढरे होतात तसं आतलंही थोडं बदलतं. पांढरा केस दुखतो का?” हशा झाला. त्यानंतर ती न वळणारी मान हळूहळू डावीकडे, मग उजवीकडे फिरली. मी कोन मोजला, तिला सांगितला, आणि घरी रोज किती वेळा फिरवायची तेही लिहून दिलं.

गळ्यातल्या पट्ट्याचंही आजच सांगितलं. अपघात किंवा शस्त्रक्रिया झाली असेल तर गोष्ट वेगळी, एरवी महिनोन् महिने पट्टा लावला तर स्नायू आणखी दुबळे होतात. पट्टे एकदम काढायला लावले नाहीत. आधी घरात काढायचे, मग बाहेर.

१५ जुलै, सोमवार

मला या सगळ्यात सर्वांत मोलाची वाटणारी तपासणी आज केली. मानेच्या पुढच्या बाजूला, अन्ननलिकेच्या मागे, मणक्यांना चिकटून खोल स्नायू आहेत. मानेला आतून आधार देणारे हेच. मान दुखायला लागली की ते सुस्तावतात, आणि त्यांचं काम गळ्याच्या दोन्ही बाजूंनी दिसणारे वरवरचे जाड स्नायू करू लागतात. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाच्या ग्वेंडोलेन जुल यांनी हे खोल स्नायू तपासण्याची आणि बळकट करण्याची पद्धत बसवली. २००२ मध्ये मानेतून उठणाऱ्या डोकेदुखीच्या दोनशे रुग्णांवर त्यांच्या गटाने या व्यायामाचा उपयोग दाखवला.

त्यासाठीचं खास यंत्र महाग आहे. आम्ही बीपीच्या यंत्राचा पट्टा घडी घालून वापरतो. उताणं झोपायचं, गुडघे दुमडलेले. पट्टा मानेखाली, डोक्याच्या खोबणीजवळ. हवा भरून काटा २० वर आणायचा. मग ‘हो’ म्हणताना डोलवतो तेवढीच, अगदी बारीक मान डोलवायची. डोकं उचलायचं नाही, उशीवर दाबायचंही नाही. काटा २२ वर आला की दहा सेकंद धरायचा. जमलं तर २४, २६, २८, ३०.

शेवटच्या घरातल्या अक्का झोपल्या. पहिल्याच प्रयत्नात काटा २० वरून थेट ३४ वर उडाला आणि गळ्याच्या दोन्ही शिरा ताणून वर आल्या. म्हणजे ताकद लावली ती बाहेरच्या स्नायूंनी. मी त्यांची दोन बोटं त्यांच्याच गळ्यावर ठेवली. “हे कडक झालं की थांबायचं. हे मऊ राहून काटा हलला पाहिजे.” जीभ टाळूला लावायला सांगितली, म्हणजे जबडा सैल राहतो. बऱ्याच वेळाने काटा २२ वर आला आणि थरथरत तिथे राहिला, गळा मऊ. सहा सेकंदांनी सुटला. बाजूला बसलेल्या बायका काट्याकडे टक लावून मोठ्याने आकडे मोजत होत्या.

घरी पट्टा नाही. घरी टॉवेलची घडी मानेखाली आणि दोन बोटं गळ्यावर. जेवढं मऊ गळ्याने धरता येतं तेवढंच, दहा-दहा सेकंद, दहा वेळा, दिवसातून दोनदा.

२२ जुलै, सोमवार

हातात मुंग्या येणाऱ्यांची बैठक वेगळी ठेवली होती, कारण इथे घाई उपयोगाची नाही. विडी वळणाऱ्या बाईच्या अंगठ्याला आणि पहिल्या बोटांना मुंग्या येतात त्या मानेतल्या नसेमुळेही येऊ शकतात आणि मनगटात नस आवळल्यामुळेही. कारणं दोन, उपचार वेगळे, कधी कधी दोन्ही एकाच बाईत.

रात्री मुंग्यांनी जाग येते आणि हात झटकल्यावर बरं वाटतं, तर संशय मनगटावर. मानेकडून हातात सणक उतरत असेल, हात डोक्यावर ठेवला की आराम पडत असेल, तर मानेवर. मानेसाठी चार गोष्टी एकत्र बघते : त्या बाजूला मान साठ अंशांपेक्षा कमी वळते का, डोकं कलवून वरून हलका दाब दिल्यावर सणक येते का, डोकं अलगद वर उचलून धरल्यावर ती कमी होते का, आणि हाताची नस ताणून बघताना तीच ओळखीची सणक उठते का. एकटीदुकटी खूण फसवते, चारही जुळल्या तर खात्री बरीच वाढते.

एका ताईंच्या चारही जुळल्या. बोटांची ताकद आणि रिफ्लेक्स ठीक होते. त्यांना सांगितलं की असं दुखणं बहुतेकांचं काही आठवड्यांत किंवा महिन्यांत शस्त्रक्रियेविना उतरतं. हाताने अलगद ताण दिला, नस मागेपुढे सरकवण्याचा हलका व्यायाम शिकवला, कळ वाढेल इतका ताणायचा नाही हे बजावलं. हातातून वस्तू निसटायला लागली, ताकद कमी होते आहे असं वाटलं, तर पुढच्या सोमवारची वाट न बघता डॉक्टर गाठायचे.

क्षयाचा संशय असलेल्या मावशींचा मुलगा येऊन गेला. मणक्याचा क्षयच निघाला, औषधं सुरू झाली आहेत.

२९ जुलै, सोमवार

आता सूप. ते मांडीवर आहे तोवर मान खालीच राहणार, मग व्यायाम कितीही करा.

टेबल-खुर्चीचा विचार मी केलाच नाही. दहा बाय दहाच्या खोलीत ती ठेवणार कुठे, आणि सवयीची मांडी सोडून खुर्चीत बसलं की हाताचा वेग जातो. मजुरी हजार विड्यांवर. वेग गेला की पैसे गेले. मानेला बरं वाटलं पण विड्या कमी झाल्या, असला उपाय आठवड्याच्या आत अडगळीत जातो.

घरातल्याच वस्तू लावून बघितल्या. मांडीवर गोधडीची घडी आणि त्यावर सूप : बरं, पण सूप डुगडुगतं. चौरंग : फार उंच, खांदे वर चढले. जेवायचा पाट, खाली दोन विटा, पाय त्याच्या दोन्ही बाजूंनी पसरलेले : हा जमला. सूप पाटावर स्थिर राहिलं, कोपर बरगड्यांजवळ राहिले, मान पूर्वीपेक्षा बरीच वर आली. पाटाच्या पुढच्या कडेखाली लाकडाची चीप सरकवून सूप स्वतःकडे कलतं केलं तर आणखी बरं.

आणि जागा फिरवली. उजेड पुढे म्हणून भिंत सुटते, तर मग दाराच्या काटकोनात बसायचं. पाठ भिंतीला, उजेड डावीकडून. अक्कांनी स्वतःच सतरंजी ओढून दाखवली.

५ ऑगस्ट, सोमवार

पाट लावूनही काही जणींची मान दोरा बांधताना पुन्हा खाली जाते. आज कारण सापडलं, आणि ते मानेत नाही. चाळिशीनंतर जवळचं दिसणं कमी होतं. दोरा तांबूस विडीवर बारीक दिसतो, म्हणून बाई डोकं पुढे नेते, उजेडाकडे धरते, तिरकी बघते. सुईत दोरा ओवायला दिला तर हात लांब नेऊन ओवणाऱ्या चाळिशी ओलांडलेल्या जवळजवळ सगळ्याच. चष्मा एकीकडेही नाही.

मानदुखीच्या प्रकल्पात नेत्रतपासणी घालायची असं सुरुवातीला कुठे लिहिलेलं नव्हतं. आता लिहिलं. साधा जवळचा चष्मा, पण कामाच्या अंतराचा. पुस्तकाच्या अंतराचा नंबर दिला तर सूप धूसर दिसतं. डोळ्यांच्या डॉक्टरांना बायकांची बसण्याची रीत दाखवून अंतर मोजून द्यायचं ठरलं.

१२ ऑगस्ट, सोमवार

ताकदीचे व्यायाम सुरू केले. नुसत्या ताणाच्या व्यायामांवर माझा भर नाही. फिनलंडमध्ये जुनाट मानदुखी असलेल्या १८० महिला कार्यालयीन कर्मचाऱ्यांवर वर्षभर अभ्यास झाला होता, २००३ मध्ये छापला गेला. ताकद आणि दम वाढवणारे व्यायाम केलेल्यांचं दुखणं बरंच उतरलं, फक्त चालणं-ताणणं सांगितलेल्यांचं तेवढं उतरलं नाही. डेन्मार्कच्या २०११ च्या अभ्यासाने तर दिवसाला दोन मिनिटं रबराच्या पट्टीचा व्यायामही कामी येतो असं दाखवलं. दोन मिनिटं. हजार विड्यांवर मजुरी असलेल्या बाईला एवढंच मागता येतं.

रबराची पट्टी विकत घ्यायची गरज नाही. सायकल दुरुस्तीच्या दुकानात जुन्या ट्यूब मिळतात. धुऊन लांब पट्ट्या कापल्या. पट्टी पायाखाली, टोकं हातात, हात बाजूने खांद्याच्या उंचीपर्यंत वर आणि सावकाश खाली. पट्टी दाराच्या कडीला बांधून कोपर मागे ओढायचे, खवाटे एकमेकांकडे. खांदे कानाकडे चढू द्यायचे नाहीत.

विसावा कधी घ्यायचा, हा मुद्दा बायकांनीच सोडवला. ‘दर अर्ध्या तासाने’ सांगून उपयोग नाही, घड्याळाकडे कोण बघतं? पंचवीस विड्यांचं बंडल बांधलं की मान वर, दोनदा मागे-पुढे, खांदे गोल. बंडल तर बांधायचंच असतं.

२२ ऑगस्ट, गुरुवार

नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथोत्सव होता, सोमवारची बैठक झाली नाही. सुट्टीत बहुतेकींची मान हलकी राहिली. मात्र पाहुण्यांच्या स्वयंपाकात आणि पाणी भरण्यात खांदे दुखले. घागर एका कमरेवर न घेता दोन लहान कळश्या दोन हातांत, असं सांगितलं.

२ सप्टेंबर, सोमवार

न वळणारी मान आता हाकेला वळते. हातात सणक येणाऱ्या ताईंची सणक कोपराच्या वर राहते, खाली उतरत नाही, हे चांगलं लक्षण. दोघी-तिघींना काहीच फरक नाही. त्यातल्या एकीची झोप घरच्या काळजीने मोडली आहे. झोप नसेल तर दुखणं जास्त जाणवतं, आणि त्यावर ट्यूबची पट्टी पुरी पडत नाही. तिच्याशी इंटर्न मुलगी तेलुगूत बराच वेळ बोलली. पुढच्या वेळी समुपदेशक सोबत आणायचे.

१२ सप्टेंबर, गुरुवार

अक्कांचा काटा आज २६ वर दहा सेकंद राहिला, गळा मऊ. ‘सुपावर सलग बसणं’ याला त्यांनी सुरुवातीला तीन गुण दिले होते, आज सात. विड्या कमी झाल्या का, हे मी मुद्दाम विचारलं. पाटाची सवय होईपर्यंत पहिला आठवडा कमी झाल्या, नंतर पूर्वीएवढ्याच.

चष्म्यांची तपासणी पुढच्या गुरुवारी, ओसरीवरच. सुताराकडे कलत्या पाटाचा नमुना टाकला आहे : विटांऐवजी पाय, पुढची कड उंच, सूप घसरू नये म्हणून बाईकडच्या कडेला पट्टी. आधी पाच करून घ्यायचे आणि वेगवेगळ्या उंचीच्या बायकांना महिनाभर वापरायला द्यायचे. शेजारच्या गल्लीतल्या बायकांनी बैठक कधी म्हणून विचारलं आहे. त्यांच्यासाठी बुधवार बघते.